आजीची वही आणि फिलाडेल्फियाचे जिने

गेल्या शनिवारी आजीला घेऊन फिलाडेल्फियाला जाऊन आले आणि तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय, म्हणून आज लिहायला बसले. आजी म्हणजे माझी सख्खी आजी नव्हे. आमच्या समोरच्या घरात राहायची ती, वय आता अठ्ठ्याऐंशी, लग्न केलं नाही, पंथाने मेनोनाईट. इथे अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरला, सगळे तिला नावाने हाक मारतात, पाच वर्षांची पोरंसुद्धा, मलाही तोंडावर तसंच म्हणावं लागतं, पण घरात आम्ही तिला आजीच म्हणतो, आणि तिला ते माहितीये, आवडतं. नाव इथे लिहीत नाही, तिला स्वतःचं नाव कुठे छापून आलेलं चालत नाही.

मेनोनाईट म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यापुढे घोडागाडीवाले अमिश येतात. चुलतभाऊच म्हणा. मूळ एकच, १५२५ मध्ये झुरिकला काही जणांनी ठरवलं की तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देण्यात अर्थ नाही, माणसाने मोठं होऊन, समजून-उमजून घ्यावा, तिथून हे सगळं सुरू झालं. पुढे हॉलंडमधला मेनो सिमन्स नावाचा पाद्री १५३६ मध्ये आपलं चर्च सोडून यांच्यात आला आणि त्याच्या नावावरून मेनोनाईट. शपथ घ्यायची नाही, हत्यार उचलायचं नाही, राहणी साधी. युरोपात यांना जिवंत जाळलं, नदीत बुडवलं, म्हणून पळत पळत पेनसिल्व्हेनियाला आले. अमिश १६९३ मध्ये वेगळे झाले. आजीच्या घरी लहानपणापासून गाडी होती, वीज होती, पण टीव्ही नव्हता, आणि घरात जर्मनची ती इथली बोली चालायची जी मला अजून एक अक्षर कळत नाही.

आता मी मिरजेची. आमच्या मिरजेत मिशन म्हटलं की मिशन हॉस्पिटल. डॉक्टर वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेलं, माझा जन्म तिथला, आईचा तिथला, आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांचा तिथला. त्यामुळे मिशन या शब्दाची मला कधी भीती वाटली नाही, पण घरात कुजबुज ऐकली होतीच, की हे लोक गोड बोलतात आणि मग धर्म बदलायला लावतात. ते मनात कुठेतरी होतं. म्हणून २०१६ च्या फेब्रुवारीत, बाहेर गुडघाभर बर्फ, आई सहा महिने राहून नुकतीच परत गेलेली, मुलगी सात महिन्यांची, नवरा ऑफिसच्या कामाने दुसऱ्या राज्यात, आणि मी दोन दिवस केस न विंचरता नुसती खिडकीपाशी बसलेली, अशा वेळी दारात काळा कोट घातलेली, डोक्यावर पांढरी जाळीची टोपी असलेली म्हातारी उभी दिसली तेव्हा पहिला विचार आला तो हाच, की आता ही पत्रक देणार.

तिच्या हातात ब्रेडचा लोफ होता आणि पीचची बरणी. आत आली, बूट काढले (इथे कोणी काढत नाही, तिने माझे दाराशी ठेवलेले बघून काढले), इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, बाळ माझ्याकडे दे, तू जाऊन अंघोळ कर. बस, एवढंच. मी पाऊण तास अंघोळ केली, रडले पण. बाहेर आले तर सिंकमधली भांडी घासलेली, आणि बाळ तिच्या खांद्यावर झोपलेलं. जाताना खिशातून एक छोटी वही काढून विचारलं, तुझं नाव नीट कसं म्हणायचं, सांग, मला लिहून घ्यायचंय. तीन वेळा म्हणून घेतलं माझ्याकडून. मुलीचंही. या देशात येऊन तेव्हा मला चार वर्षं झाली होती आणि माझ्या नावातला ळ कोणी म्हणायचा प्रयत्नसुद्धा केला नव्हता.

ही वहीची सवय कुठून आली ते मला पुढे दोन-तीन वर्षांनी कळलं.

१९५७ मध्ये आजी एकवीस वर्षांची होती. बापाचं तंबाखू आणि दुधाचं शेत, सात भावंडं. चर्चमध्ये एका रविवारी सांगितलं की फिलाडेल्फियाच्या मिशनला एक बहीण पाहिजे, बहीण म्हणजे सिस्टर, यांच्यात सगळे एकमेकांना ब्रदर-सिस्टरच म्हणतात. तिने हात वर केला. आई एक शब्द बोलली नाही, बाप म्हणाला एक वर्ष जाऊन ये. लँकेस्टरपासून फिलाडेल्फिया म्हणजे आपलं पुणे-सातारा एवढंच अंतर, शंभर-एकशेदहा किलोमीटर, पण तिने तोवर शहर पाहिलं होतं ते दोनदा, तेही बाजाराच्या दिवशी भाजी विकायला. गेली ती सोळा वर्षं राहिली.

राहायची जागा म्हणजे उत्तर फिलाडेल्फियातलं तीन मजली रो हाऊस. पुण्यात रो हाऊस म्हटलं की आपण पार्किंग आणि मागची बाग विचारतो, तिथली रो हाऊसेस म्हणजे भिंतीला भिंत लागलेली शेकडो घरं, एकेका मजल्यावर दोन-दोन कुटुंबं, समोर दगडाच्या तीन-चार पायऱ्या आणि त्या पायऱ्यांवर अख्खं आयुष्य. तळमजल्यावर प्रार्थनेची खोली, फोल्डिंगच्या खुर्च्या, दुसऱ्या मजल्यावर सुपरिंटेंडंट ब्रदर आणि त्यांची बायको-मुलं, आणि वर तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत आजी आणि अजून एक सिस्टर. राहणं-खाणं मिशनचं, हातखर्चाला महिन्याला दहा-पंधरा डॉलर. त्यातलेही ती स्टॅम्पात घालवायची, कारण वस्तीतल्या मुलांच्या आयांची पत्रं तीच लिहून द्यायची, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या त्यांच्या माहेरी.

सोमवारी धुणं. मंगळवारपासून घरोघर जाणं, सकाळी नऊ ते चार. गुरुवारी मुलींचा शिवणवर्ग. शनिवारी हॉल झाडायचा, खुर्च्या लावायच्या. रविवारी सकाळी पुन्हा तेच जिने, मुलांना उठवायचं, तोंडं धुवायची, हाताला धरून आणायचं. उन्हाळ्यात दोन आठवडे बायबल स्कूल, फ्लॅनेलच्या बोर्डावर कापडी मेंढ्या चिकटवत गोष्टी सांगायच्या, आणि बाहेर रस्त्यावर पोरांनी फायर हायड्रंट, म्हणजे आगीच्या बंबासाठीचा नळ, उघडला की अर्धा वर्ग तिकडे पळायचा. ती पण जायची म्हणे, केप ड्रेस भिजवून परत यायची. केप ड्रेस म्हणजे त्यांचा तो लांब बाह्यांचा साधा झगा, वर छातीवरून अजून एक पदरासारखा थर. बाहेर जाताना टोपीवर काळं बॉनेट. रस्त्यातले लोक विचारायचे, तुम्ही नन का?

पहिल्या वर्षातली एक गोष्ट तिने मला निदान पाच वेळा सांगितलीये. एका घरी तिसऱ्या मजल्यावर गेली, दार उघडलं, तिने शिकवल्याप्रमाणे पत्रक पुढे केलं आणि पाठ केलेलं वाक्य म्हणायला सुरुवात केली. ती बाई म्हणाली, ते मी नंतर वाचेन, आधी हे बाळ धर, मला दूध आणायला जायचंय. आणि बाळ हातात देऊन निघून गेली. आजी तासभर त्या अनोळखी खोलीत, स्टोव्हपाशी, कान फुटल्यामुळे किंचाळणारं पोर घेऊन फेऱ्या मारत होती. बाई परत आली तेव्हा पत्रक बाळाने चावून टाकलेलं. त्या दिवसानंतर मी हातात काही घेऊन गेले नाही, असं आजी म्हणते, जायचे ते हात मोकळे ठेवून. तुझ्याकडे ब्रेड आणला होता खरा, पण तो आत येताच ठेवून दिला की नाही?

वहीही तेव्हाची. अशा एकूण नऊ वह्या आहेत तिच्याकडे, मी त्या हातात घेऊन पाहिल्यात. काळं रेक्झिनचं कव्हर, खिशात मावणारी, पेन्सिलीने बारीक तिरकं अक्षर. एकेक पान एकेका दाराचं. वर घर नंबर, मजला, पुढचा का मागचा. मग आईचं नाव, मुलांची नावं, वयं, कोण कुठल्या शाळेत, कोणाला दमा, बाप असेल तर कामाला कुठे, आणि प्रत्येक मुलाच्या नावापुढे एक आकडा. मला वाटलं रोल नंबर असेल. तो बुटाचा नंबर होता. थंडी यायच्या आधी ती तपकिरी कागद घेऊन घरोघर जायची, मुलाला कागदावर उभं करायची आणि पेन्सिलीने पावलाभोवती रेघ मारून घ्यायची, कारण खेड्यातल्या चर्चच्या शिवणमंडळाच्या बायका गोधड्या, स्वेटर, बूट पाठवायच्या पण पहिल्या वर्षी आलेले सगळे बूट एक तर मोठे नाहीतर लहान, आणि एक मुलगा लहान बूट घालून आठवडाभर लंगडत शाळेत गेला, कारण परत करायची त्याला लाज वाटली. पुढच्या वर्षापासून कागद. काही कागद अजून वहीत घडी घालून ठेवलेत. एका पावलाची करंगळी वाकडी, रेघ तिथे जरा थरथरली आहे, खाली लिहिलंय, हसला.

हे पाहिल्यावर मी या विषयावर मिळेल ते वाचायला लागले, आणि वाचता वाचता मला राग येत गेला, तो असा की या सगळ्या शहरी मिशनच्या इतिहासात जिने चढणाऱ्या बायका आणि फोटोखाली नाव असलेले पुरुष.

बघा, १८९३ म्हटलं की आपल्याला शिकागो आणि विवेकानंद. ते भाषण सप्टेंबरात झालं, आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्याच शहरात, अठराव्या रस्त्यावर, आजीच्या पंथाच्या लोकांनी आपलं पहिलं शहरी मिशन उघडलं. मंदीचं वर्ष, हजारो लोक बेकार, युरोपातून आलेली गरीब वस्ती. विल्यम पेज नावाचे डॉक्टर तिथे फुकट औषध द्यायचे, तेच पुढे १८९९ च्या मार्चमध्ये बायको ॲलिस आणि जेकब रेसलर यांच्यासोबत मुंबईत उतरले आणि तिथून छत्तीसगडात धमतरीला गेले, दुष्काळाच्या कामाला. शिकागोतल्या सिस्टर्सपैकी लीना झूकही नंतर धमतरीला गेली. आणि फिलाडेल्फियाचं तर सगळ्यात भारी, ते १८९९ मध्ये गिरण्यांच्या केन्सिंग्टन भागात सुरू केलं तेच मुळी दोन बायकांनी, मेरी डेनलिंगर आणि अमांडा मुसलमन. हो, मुसलमन, हे इथलं जर्मन आडनाव आहे, मी पण पहिल्यांदा दोनदा वाचलं. दोघी अविवाहित, लँकेस्टरकडच्या. आजी या दोघींचं नाव अशा सुरात घेते जसं माझी आई सावित्रीबाईंचं घेते.

पण रविवारी प्रवचन करायला पुरुष. बायकांनी मुलांना शिकवायचं, बायकांना शिकवायचं, सूप करायचं. ॲन ॲलबाख म्हणून एक होती, पेनसिल्व्हेनियाचीच, १८७४ चा जन्म, तिला १९११ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका मेनोनाईट चर्चमध्ये रीतसर पाद्री म्हणून दीक्षा मिळाली. अमेरिकेतली पहिली मेनोनाईट बाई. आणि मग? न्यूयॉर्कमध्ये गरिबांत काम करत राहिली, शेवटी चर्च मिळालं ते दुसऱ्याच पंथाचं, आणि १९१८ मध्ये वारली. तिच्यानंतर यांच्यात दुसरी बाई पाद्री व्हायला १९७३ उजाडलं. बासष्ट वर्षं! आजी सोळा वर्षं ज्या हॉलच्या खुर्च्या लावत होती त्या हॉलमध्ये ती एकदाही पुढे उभी राहून बोलली नाही, ती परत आली १९७३ लाच. मिशनच्या मासिकात दर महिन्याला जो अहवाल जायचा तो तिच्या वहीवरून लिहिलेला असायचा आणि सही असायची ब्रदरची. मी म्हटलं, तुला काही वाटायचं नाही? म्हणाली, वाटायचं, पण मुलांची नावं तरी छापून येतात ना बरोबर, ते मी तपासायचे.

मला हे पटत नाही. तिला मी सांगितलं पण, की हे मला पटत नाही. तिने मान डोलावली आणि बटाटे सोलत राहिली.

तिला स्वतःला जे खरंच लागलेलं आहे ते वेगळं आहे. उन्हाळ्यात शहरातल्या मुलांना एक-दोन आठवडे खेड्यात शेतावर पाठवायची पद्धत होती, फ्रेश एअर म्हणायचे त्याला. कल्पना किती छान वाटते, गाई, ओढा, मक्याची कणसं. फॉर्म भरायचं काम आजीकडे. आणि शेतकरी कुटुंबांच्या चिठ्ठ्या यायच्या, मुलगीच द्या, बारा वर्षांवरचा नको, आणि काहींत सरळ लिहिलेलं असायचं की रंगाने फार काळं नको. ही माझीच माणसं होती, आजी म्हणते, मी ज्यांच्या शेजारी बसून लहानपणी गाणी म्हटली ती. ती चिठ्ठी वाचून ती त्याप्रमाणे मूल निवडायची. निवडायची, हे ती लपवत नाही. एक मुलगा लागोपाठ सहा उन्हाळे एकाच घरी गेला, त्यांच्या गाईंची नावं त्याला पाठ, आणि तेरावं लागलं त्या वर्षी त्याला कोणी बोलावलंच नाही. तो मिशनच्या पायरीवर येऊन बसला आणि विचारलं, मी काय केलं? वहीत त्या पानावर एवढंच आहे, तारीख, त्याचं नाव, आणि मी काय केलं. आजी म्हणते ते वाक्य त्याचं म्हणून लिहिलं होतं, पण आता वाचते तेव्हा माझंच वाटतं.

टोपीचंही तसंच. बायबलमधल्या पौलाच्या एका पत्रात लिहिलंय की बाईने प्रार्थना करताना डोकं झाकावं, त्यावरून ही टोपी. आपल्याला काय, डोक्यावरून पदर घेण्यासारखं, मला त्यात विशेष वाटलं नाही. पण शहरातल्या ज्या मुली बाप्तिस्मा घ्यायच्या त्यांनीही ती घालायची, केप ड्रेस घालायचा, असा बिशप मंडळींचा आग्रह. एक पंधरा वर्षांची काळी मुलगी, आवाज फार सुंदर, टोपी घालून शाळेत गेली, तिला पोरांनी इतकं पिडलं की ती येऊन म्हणाली, मी ही फक्त इथे घातली तर चालेल का? आजीने ब्रदरला विचारलं, ब्रदर म्हणाले नियम नियम आहे, आणि आजीने तेच तिला जाऊन सांगितलं. मुलगी यायची बंद झाली. मी तिच्या मजल्यावर जायला हवं होतं आणि सांगायला हवं होतं की काढून टाक, पण तू ये, असं आजी म्हणते. साठ वर्षं झाली याला. आता नियम कुठल्या कुठे गेले, लँकेस्टरच्या बऱ्याच मेनोनाईट बायका टोपी घालत नाहीत, आजी मात्र घालते, म्हणते मला थंडी वाजते तिच्याशिवाय.

हे फक्त तिच्यापुरतं नव्हतं. व्हर्जिनियातल्या यांच्या कॉन्फरन्सने, म्हणजे तिथल्या चर्चांच्या संघाने, १९४० मध्ये ठरवून टाकलं होतं की प्रभुभोजन, म्हणजे चर्चमध्ये एकत्र भाकरी आणि द्राक्षरस घेणं, आणि पाय धुण्याचा विधी गोऱ्या-काळ्यांचा वेगवेगळा, ते पुढे मागे घेतलं. तिथल्या हॅरिसनबर्गच्या मिशनमधली फॅनी स्वार्ट्झेंट्रुबर नावाची बाई अशाच एका प्रभुभोजनातून तिरीमिरीत उठून चालत निघून गेली होती. आणि रोवेना लार्क, स्वतः काळी मेनोनाईट, टोपी-बॉनेट सगळं घालून गावोगावच्या बायबल स्कूलमध्ये गोष्टी सांगत फिरायची, मग शिकागोत नवऱ्याबरोबर चर्च उभं केलं. या बायकांबद्दल मराठीत कोणी लिहिलेलं मला तरी सापडलं नाही, म्हणून पाल्हाळ वाटला तरी लिहितेय.

पाय धुण्याचा विधी मी पाहिलाय, आजीने एकदा नेलं होतं. वर्षातून दोनदा, प्रभुभोजनाच्या दिवशी. बायका एका खोलीत, पुरुष दुसरीकडे. कोमट पाण्याची घमेली, कमरेला टॉवेल, दोघी-दोघींची जोडी. एक खाली वाकून दुसरीचे पाय धुते, पुसते, मग दुसरी पहिलीचे. मग उठून एकमेकींच्या गालाला ओठ लावतात. आपल्याकडे लग्नात जावयाचे पाय धुतात, पण जावई उठून सासऱ्याचे धुतोय असं काही मी पाहिलेलं नाही. इथे प्रत्येकीने खाली वाकायचं आणि प्रत्येकीने वर बसायचं, आणि आजी म्हणते वर बसणं जास्त अवघड असतं. फिलाडेल्फियात तिची जोडी ठरलेली असायची, कोपऱ्यावरच्या घरातली एक बाई, दिवसभर उभं राहून लोकांची घरं पुसणारी, पायाच्या शिरा सुजून दोरखंडासारख्या झालेल्या. पहिल्या वेळी ती बाई पाय पाण्यात घालेना. म्हणाली, आजवर कुठल्या गोऱ्या बाईने माझ्यापुढे गुडघा टेकलेला नाही, तू पहिली, आणि आधी मी तुझे धुते, म्हणजे मला जमेल.

याच बाईने १९६४ च्या ऑगस्टमध्ये काय केलं ते ऐका. अठ्ठावीस तारखेच्या रात्री जवळच कोलंबिया ॲव्हेन्यूवर पोलिसांशी झालेल्या एका बाचाबाचीतून दंगल पेटली, तीन दिवस चालली, दुकानंच्या दुकानं फुटली, शेकडो लोक जखमी, शेकडो अटकेत. सुपरिंटेंडंट कुटुंब त्या आठवड्यात गावाला गेलेलं, घरात फक्त या दोन सिस्टर्स. हत्यार नाही, दाराला कडी एक. खिडकीतून काच फुटल्याचे आवाज. आणि रात्री अकराच्या सुमारास दार वाजलं, आजीचे पाय लटपटले, बघते तर ही बाई, घरातली खुर्ची घेऊन आलेली, सोबत तिचे दोन मुलगे आणि शेजारची अजून एक म्हातारी. त्यांनी खुर्च्या पायऱ्यांवर मांडल्या आणि रात्रभर बसून राहिल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांना नावाने हाक मारून म्हणायच्या, पुढे जा, इथे माझं काम चाललंय. तिन्ही रात्री. आजी आतून कॉफी देत राहिली. मला आजवर देवदूतांबद्दल जे शिकवलं होतं त्यात खुर्ची नव्हती, असं ती म्हणते आणि दर वेळी इथे तिचा आवाज जातो.

मिशनच्या त्या सुरुवातीच्या काळातल्या बायकांमध्ये आजीची आवडती अजून एक आहे, तिचंही सांगते कारण तिचा आपल्याशी संबंध आहे. ॲनी फंक. इथून फार लांब नाही असं बॅली नावाचं गाव आहे, तिथली, जन्म १८७४ चाच. आधी टेनेसीत चॅटानूगाला काळ्या वस्तीत काम केलं, मग न्यू जर्सीत पॅटरसन या गिरण्यांच्या शहरात मुलींसाठी, आणि १९०६ मध्ये आपल्याकडे जांजगीरला आली, तेव्हा मध्य प्रांत, आता छत्तीसगड. हिंदी शिकली, १९०८ मध्ये एका खोलीत सतरा मुलींची शाळा काढली. १९१२ मध्ये आई आजारी असल्याची तार आली म्हणून मुंबईहून बोटीने निघाली, इंग्लंडला पोचली तर कोळसा खाणीतल्या संपामुळे ठरलेली बोट रद्द, वर थोडे पैसे भरून दुसऱ्या बोटीचं तिकीट घेतलं. ती टायटॅनिक. बारा एप्रिलला तिचा अडतिसावा वाढदिवस बोटीवरच झाला. त्या सतरा मुलींना कोणी कसं सांगितलं असेल, कुठल्या शब्दात, हे मला सारखं वाटतं. आजी जेव्हा जेव्हा माझ्या आईशी व्हिडिओ कॉलवर बोलते तेव्हा मुंबई हा एकच शब्द तिला कळतो आणि तो ॲनीमुळे.

मधे एकदा मी तिला सरळ विचारलंच. म्हटलं, तू त्या दिवशी माझ्याकडे आलीस ती मला ख्रिश्चन करायला का? तिने सुई-दोरा खाली ठेवला, गोधडी शिवत होती. म्हणाली, तू माझ्या प्रभूला ओळखावंस असं मला रोज वाटतं, खोटं कशाला बोलू, मी रोज तुझं नाव घेऊन प्रार्थना करते. पण त्या दिवशी मी आले कारण तीन दिवस तुझ्या दारापुढचा बर्फ कोणी काढला नव्हता. मी आजही संध्याकाळी देवापाशी दिवा लावते, शुभंकरोति म्हणते, मुलीला शिकवलंय. आजी असली की हात जोडून शांत बसते. माझ्या घरातल्या लोकांना मी हे सांगितलं तेव्हा कोणी म्हणालं सावध राहा, त्यांना मी काही बोलले नाही. ते त्या फेब्रुवारीत इथे नव्हते.

१९७३ मध्ये बापाला पक्षाघात झाला, सात भावंडांत बिनलग्नाची एकटी हीच, म्हणून परत बोलावलं. गेली. सोळा वर्षांनंतर निरोपाला काय मिळालं म्हणाल तर एक बायबल, ते आधीच तिच्याकडे होतं. पुढे बापाचं केलं, आईचं केलं, शाळेत स्वयंपाकघरात काम केलं, चर्चच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात कपडे निवडले. गेल्या वर्षीपासून वृद्धाश्रमात असते, पडली होती म्हणून. घर विकलं. आता समोरच्या घरात एक तरुण जोडपं आलंय, त्यांच्याकडे मी अजून गेले नाहीये, जायला हवं.

तर शनिवारी. ती म्हणाली मला एकदा ते रस्ते बघायचेत. व्हीलचेअर डिकीत टाकली, मुलगी मागे, आता नऊ वर्षांची आहे. मिशनचं घर राहिलेलं नाही, तिथे जाळीचं कुंपण आणि आत दोन गाड्या, थोडं गवत. मला वाटलं रडेल. नाही रडली. म्हणाली पायऱ्या कुठे गेल्या असतील, चांगला दगड होता. मग म्हणाली खाली उतरवू नकोस, तू फक्त हळू चालव, या रस्त्याने शेवटपर्यंत आणि मग पुढच्याने परत. वह्या तिने पिशवीत आणल्या होत्या पण उघडल्या नाहीत. काच खाली केली आणि घरांकडे बघत म्हणत गेली, इथे दुसरा मजला मागचा, चार मुलं, धाकटीला दमा. इथे कोणी नव्हतं, कायम बंद. इथे तळमजला, म्हातारा, डोळ्याने दिसायचं नाही, वाचून दाखवायचे, त्याला फक्त स्तोत्रं हवी असायची. इथे तीन भाऊ, नंबर चार, साडेपाच, सात. मुलगी मागून म्हणाली, आई, ती कसले नंबर म्हणतेय? मी म्हटलं, बुटांचे.

मागे दोन गाड्या होत्या, आधी एकाने हॉर्न दिला, मग दुसऱ्याने. मी आरशात बघून हात केला आणि जरा पुढे घेतली तर आजीने माझ्या मनगटावर हात ठेवला. थांब, म्हणाली, हे दार राहिलं.